चार भिरभिऱ्यांचे यान

‘ड्रोन’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. मध गोळा न करणारा, पोळ्यात नुसता गुणगुणत राहणारा तो जीव. हे नाव विमानाला कसे चिकटले ह्याचा सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा इतिहास असा: १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचे, रेडिओलहरींवर चालणारे बिनवैमानिकाचे विमान तयार केले. पुढे अमेरिकी नौदलाने तशीच विमाने करायला घेतली तेव्हा त्या राणीमाशीशी नाते सांगणारे ‘ड्रोन’ हे नाव त्यांना दिले. म्हणजे लग्नाच्या चित्रणापासून पिकावरच्या फवारणीपर्यंत आज सर्वत्र ऐकू येणारे हे नाव मुळात पाडले जाण्यासाठीच उडवलेल्या वस्तूचे होते. शब्दांच्या कुळकथांत रमणाऱ्या माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला ही माहिती आधी केवळ गंमत म्हणून आवडली होती. ती नुसती गंमत राहिली नाही, म्हणून हा लेख.

चार पंख्यांच्या ह्या यानाला मराठीत रूढ शब्द नाही. ‘चतुष्पंखी’ वगैरे शब्द कोशात शोभतील, माळावर नाही. माझ्यापुरता मी त्याला ‘भिरभिरे’ म्हणतो. जत्रेत मिळते ते, कागदाचे, काडीला टाचणीने खोचलेले. फरक इतकाच, की जत्रेतल्या भिरभिऱ्याला वारा फिरवतो आणि इथले भिरभिरे स्वतःच वारा निर्माण करते.

माझा भाचा अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून २०२२च्या जूनमध्ये नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा कऱ्हाडला बहिणीच्या घरी माळ्यावर एक खोके ठेवून गेला. कार्बन तंतूंच्या पट्ट्यांचा सांगाडा, चार मोटारी, दोन हिरव्या पाट्या, तारा, एक इवलासा कॅमेरा. ताई ते भंगारात देणार होती. मी ते साताऱ्याला घेऊन आलो. भाच्याला कळवले तेव्हा तो फोनवर हसला आणि म्हणाला, “मामा, बांधूनच टाका. मी सांगतो.” असे यान तयार विकत आणणेही तेव्हा सोपे राहिले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणण्यावर बंदी घातली होती. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद होते. सुट्या भागांवर मात्र बंदी नव्हती. त्यामुळे शर्यतीचे भिरभिरे ज्याला हवे त्याने ते स्वतः जोडावे, हा ह्या छंदातला जुनाच रिवाज आपल्याकडे आणखी पक्का झाला.

ह्या यानाची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या मुळाशी पात्यांचा कोन बदलणारी फार गुंतागुंतीची यंत्रणा असते. इथे तसे काहीच नाही. चार कोपऱ्यांत चार मोटारी, प्रत्येकीवर पाच इंचांचा तीन पात्यांचा पंखा. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट, म्हणजे एकमेकांचा पीळ फेडला जातो. डावीकडच्या दोन मोटारी जलद केल्या की यान उजवीकडे कलते. मागच्या जलद केल्या की पुढे झुकते. समान दिशेने फिरणारी जोडी जलद करून दुसरी मंद केली की जागच्या जागी वळते. बदलायचा तो फक्त वेग. माझ्या मोटारी एका व्होल्टला मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या, अर्थात पंखा न लावता. चार घटांची बॅटरी पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट देते. बॅटरीसकट सगळ्याचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि एकट्या मोटारीची पूर्ण ओढ ह्या साऱ्या वजनाहून अधिक. पहिल्यांदा हे आकडे मांडले तेव्हा खेळणे हा शब्द मी मनातून काढून टाकला.

जोडणीचे काम मुख्यतः सोल्डरिंगचे. दुकानात सगळे हाच शब्द वापरतात. परंतु आमच्याकडे तांबट डाख देत आणि सोनार झाळत असे, हे मला ते काम करताना आठवले. तारेचे टोक आणि पाटीवरचा बिंदू आधी वेगवेगळे कथलाने माखून घ्यावे लागतात. ही तर सरळसरळ कल्हई. मग दोन्ही एकत्र टेकवून उष्णता दिली की कथील क्षणभर पाण्यासारखे चकाकते, आणि हात स्थिर ठेवला तर तसेच चकाकत थिजते. थिजताना हात हलला तर सांधा राखाडी, भुरका दिसतो, आणि असा सांधा हवेत दगा देतो. मोटारीला तीन तारा. त्यांत धन-ऋण असा भेद नाही. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट फिरू लागते. वयाच्या चाळिशीनंतर भिंगाखाली बसून अशा बारा तारा जोडताना, आपल्या व्यवसायात हाताला किती कमी काम उरले आहे ह्याची जाणीव होते.

बॅटरी पहिल्यांदा लावण्यापूर्वी भाच्याने एक युक्ती सांगितली. “मामा, थेट लावायची नाही. मोटारीच्या ब्रेकचा बारा व्होल्टचा दिवा मध्ये घाला.” बॅटरी आणि यान ह्यांच्या वाटेत हा दिवा असा जोडायचा, की सारा प्रवाह त्यातून जावा. कुठे दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर दिवा लख्ख पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, पाट्या वाचतात. सगळे ठीक असेल तर तो क्षणभर लुकलुकून विझतो. दिवा विझणे ही शुभवार्ता असण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच. आमचा दिवा लुकलुकला आणि विझला.

यान बांधता येते, परंतु ते स्थिर ठेवणे माणसाच्या हाताच्या आवाक्यातले नाही. ह्याची साक्ष जुनी आहे. १८ डिसेंबर १९२२ रोजी अमेरिकेतल्या डेटन शहराजवळ, मॅककुक फील्ड येथे, जॉर्ज द बोथेझाट ह्या रशियातून आलेल्या शास्त्रज्ञाने चार मोठ्या पंख्यांचे यान जमिनीवरून उचलून दाखवले. पुरुषभर उंची आणि एक मिनिट बेचाळीस सेकंद. ते उडाले खरे, पण चालकाला इतके काही एकाच वेळी सांभाळावे लागे की अमेरिकी सैन्याने पुढे तो नाद सोडला. योगायोग असा, की त्याच १९२२ साली, रशियातूनच अमेरिकेत आलेल्या निकोलस मिनॉर्स्की ह्यांचा जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवरचा निबंध प्रसिद्ध झाला. बोथेझाटच्या यानाला जे हवे होते त्याचे बीज त्या निबंधात होते, पण ते हवेत रुजायला जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली.

मिनॉर्स्कींनी केले काय, तर सुकाणू धरणाऱ्या अनुभवी खलाशाकडे नीट पाहिले. त्यांच्या असे ध्यानात आले, की चांगला खलाशी जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. ते किती वेळ भरकटत आले आहे हेही तो मनात जमा करीत असतो. आणि ते किती वेगाने वळते आहे हे पाहून, ते नेमक्या दिशेला येण्याच्या आधीच सुकाणू मागे घेतो. चूक, चुकीची साठवण आणि चुकीचा कल, ह्या तिन्हींची गणिती बेरीज म्हणजे आजचे पी-आय-डी नियंत्रण. मराठीच्या शिक्षकाला ह्यात काळ दिसले नाहीत तरच नवल. पहिले पद वर्तमानकाळ, दुसरे भूतकाळ, तिसरे भविष्यकाळ. माझ्या यानाच्या पाटीवरची नखाएवढी चकती आपली फिरण्याची गती सेकंदाला आठ हजार वेळा मोजते, आणि तितक्याच तत्परतेने ती बेरीज करून चार मोटारींना वेग वाटून देते. वर्तमानाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले तर यान थरथरू लागते. भूतकाळ कमी पडला तर वाऱ्याने किंवा कललेल्या बॅटरीने ते हळूहळू वाहवते. भविष्याची चिंता फार केली तर प्रत्येक क्षुल्लक कंपाला प्रत्युत्तर देऊन मोटारी तापतात. ही तीन पदे यानागणिक वेगळी जुळवावी लागतात. भाचा फोनवर नुसता आवाज ऐकून सांगत असे: “मामा, वळून सरळ होताना घरघर येतेय ना? तिसरं पद उतरवा थोडं.” त्याचा कान तयार होता, तबलजीचा असतो तसा.

उडवायला शिकणे हा ह्याहून निराळा अध्याय. बाजारातली छायाचित्रणाची याने हात सोडला की आपोआप सरळ होतात आणि जागच्या जागी तरंगतात. शर्यतीचे यान तसे वागत नाही. त्याच्या दांड्या यानाचा कोन ठरवीत नाहीत, फक्त फिरण्याचा वेग ठरवतात. उजवीकडे चाळीस अंश कलले असताना दांडी मध्यावर सोडली तर ते चाळीस अंशांतच राहते. तुम्ही कलवलेत, तुम्हीच सरळ करायचे. सुरुवातीला हा यंत्राचा अडेलपणा वाटतो. पुढे लक्षात येते, की कोलांटी घ्यायची असेल, चौकटीखालून उलटे होऊन शिरायचे असेल, तर स्वतःहून सरळ होणारे यान हाच अडथळा. भाच्याची अट होती, की आधी संगणकावरच्या आभासी माळावर वीस तास. ते तास मी रात्री, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर भरले. पहिले काही दिवस बुद्धी आज्ञा देते आणि बोटे उशिरा ऐकतात. एका रात्री वळण घेऊन झाल्यावर आपण काय केले ते आठवले नाही, तेव्हा शिकणे सुरू झाले असे मी मानतो.

मग प्रत्यक्ष माळ. शहराबाहेर, वस्ती आणि विजेच्या तारा ह्यांपासून दूर, वारा सुटण्यापूर्वीची सकाळ. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅम ते दोन किलो वजनाचे यान ‘मायक्रो’ वर्गात येते. व्यावसायिक कामासाठी नसेल तर त्याला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु सरकारी नकाशात आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे ना, हे पाहावे लागते. ती हिरवी होती. नळकामाच्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांच्या पाच फुटी चौकटी उभ्या केल्या आणि डोळ्यांवर गॉगल चढवला.

ह्या गॉगलात यानाच्या नाकावरचा कॅमेरा पाहतो ते दिसते. हा कॅमेरा वरच्या बाजूला तीसेक अंश कललेला बसवतात, कारण वेगाने जाणारे यान पुढे झुकलेले असते आणि तेव्हाच त्याला समोरचे दिसायला हवे. परिणामी यान जागी थांबले की बहुतेक आकाशच दिसते; वेग घेतला की क्षितिज वर चढून डोळ्यांसमोर येते. वेगातच दृष्टी, थांबलात तर आंधळे, असा हा प्रकार. सवय झाली की हात, दांड्या, खुर्ची सारे विसरते आणि आपणच गवतावरून चार फूट उंचीने धावत आहोत असे वाटते. एकदा वळण घेताना झाडाखाली खुर्चीवर बसलेला, तोंड बांधल्यासारखा दिसणारा एक मध्यमवयीन माणूस समोर आला. तो मीच होतो. ‘परकायाप्रवेश’ हा शब्द मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले तेव्हा त्यांचा मूळ देह शिष्यांनी राखला, अशी कथा आहे. आमच्या छंदातही तो शिष्य लागतोच. गॉगल लावलेल्याला आजूबाजूचे काही दिसत नाही, म्हणून एक जण उघड्या डोळ्यांनी शेजारी उभा राहतो, आणि गुराखी, कुत्रे, घार, काहीही आले की सांगतो. माझे एक सहकारी हे काम निष्ठेने करतात.

यान पडते. ह्या खेळात पडणे हा पाठाचाच भाग आहे. पहिल्या दोन महिन्यांत मी पंख्यांचे आठ जोड संपवले. मार्च महिन्यात माळाच्या एका कडेला टिटवी आमच्यावर ओरडत झेपावू लागली. उघड्या जमिनीवर खड्यांत तिची खड्यांसारखीच अंडी होती. पावसाळ्यापर्यंत त्या बाजूच्या चौकटी आम्ही काढून टाकल्या. बॅटरी तीन-चार मिनिटे पुरते. उतरल्यावर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिती ठेवत नाहीत. दर घटाला ३.८ व्होल्ट, म्हणजे मध्यावर ठेवतात, तरच ती टिकते. २०१६ साली दुबईत झालेल्या जागतिक शर्यतीत ल्यूक बॅनिस्टर ह्या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलाच्या संघाने अडीच लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले होते. हे वाचल्यावर माझ्या वयाच्या माणसाने स्पर्धेचा विचार सोडावा हे शहाणपणाचे, आणि मी तो कधी केलाही नाही. मला तीन चौकटी सलग ओलांडता येतात. तेवढ्याने सबंध दिवस बरा जातो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. ह्या यानांना चालवणारी आज्ञावली मुक्त आहे. कोणीही घ्यावी, सुधारावी. तिची वंशावळ एका खेळण्यापर्यंत जाते. ‘वी’ नावाच्या व्हिडिओ-खेळाच्या हातातल्या दांडीसाठी २००९ साली एक जोड मिळू लागला. त्यात गती मोजणाऱ्या स्वस्त चकत्या होत्या. हौशी लोकांनी ती खेळणी फोडून त्या चकत्या चार पंख्यांच्या यानांत बसवल्या आणि ‘मल्टीवी’ नावाची आज्ञावली जन्मली. तिच्या वंशात पुढे ‘बेसफ्लाइट’, ‘क्लीनफ्लाइट’ आणि माझ्या यानात आहे ती ‘बीटाफ्लाइट’. पगार न घेता, एकमेकांना न भेटता, रात्री जागून लोकांनी हे घडवले. ज्ञानव्यवहार कसा असावा ह्याचे उदाहरण म्हणून मी ते विद्यार्थ्यांना सांगत असे.

रशियाने २०२२ साली युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर वर्षभरातच हीच याने, थोडे मोठे पंखे लावून आणि खाली स्फोटक बांधून, रणांगणावर आली. आणि मग दोन्ही बाजूंनी फार मोठ्या संख्येने आली. त्यांतल्या अनेकांच्या पोटात हीच मुक्त आज्ञावली आहे. तोच गॉगल, त्याच दोन दांड्या. २०२४पासून तर संदेश अडवले जाऊ नयेत म्हणून मागे काचतंतूचे रीळ उलगडत जाणारी यानेही आली. त्यांची चित्रणे कोणालाही पाहता येतात. इतरांना त्यांत युद्ध दिसत असेल. मला आधी उडवणाऱ्याची बोटे दिसतात. इथे त्याने किंचित सावरले, इथे वेग धरला. आमचे यान पडून तुटले की गॉगलातले चित्र जाते आणि जुन्या दूरचित्रवाणीवर येत तशा मुंग्या येतात. त्या चित्रणांच्या शेवटीही मुंग्याच येतात. मुंग्या येण्याच्या आधीच्या चौकटीत काय होते, एवढाच फरक.

भाच्याची नोकरी संरक्षणक्षेत्रासाठी याने बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. हे मला उशिरा कळले. त्याने लपवले नव्हते, मी विचारले नव्हते. “मामा, माझं काम तेच. थरथर काढायची. खाली काय बसवतात ते दुसरा विभाग बघतो.” मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्हीकडून ड्रोन वापरले गेले, त्यानंतर आमचे पुन्हा बोलणे झाले. तो म्हणाला, “ते आपल्याकडे येणारच असतील, तर ते कसे उडतात हे आपल्यातल्या कुणाला तरी नीट माहीत असायला नको का?” ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नाही, आणि त्याला तुच्छ लेखण्याइतका मी सुरक्षित अंतरावरही नाही. सीमेवरच्या गावात राहणाऱ्याला माझा माळ आणि माझी टिटवी ह्यांचे काय कौतुक असणार?

परंतु ताईने विचारले ते वेगळे होते. तिला यंत्रांतले काही कळत नाही, आणि घरात ह्या विषयातले जाणणारा मीच. गणपतीत मी कऱ्हाडला गेलो होतो, तेव्हा भांडी आवरता आवरता तिने विचारले, “तो नक्की काय करतो रे?” मी जमेल तसे सांगितले. मोटारी, पंखे, तीन पदे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “उडवणाऱ्याला दिसतं का रे, शेवटपर्यंत?”

“हो, दिसतं.”

“आणि हा थरथर काढतो, ती त्याला नीट दिसावं म्हणून?”

थरथर काढल्याने मोटारी तापत नाहीत, बॅटरी अधिक पुरते, यान वाऱ्यात टिकते, अशी पाचसहा खरी कारणे मला माहीत होती. तिने विचारलेलेही त्यांतलेच एक खरे कारण होते. मी ‘हो’ म्हणालो.

शिक्षकाला प्रश्न वळवून देण्याची कला अवगत असते. ती मी तेव्हा वापरली नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. सारा दोष तंत्राच्या माथी मारणे सोपे आहे आणि तंत्र निष्पाप असते असे म्हणणे त्याहून सोपे. माझा अनुभव असा, की यान उडवण्याचा आनंद आणि ते यान कोणाच्या तरी दारात शिरू शकते हे ज्ञान, ही दोन्ही एकाच हातात राहतात. एकाने दुसरे पुसले जात नाही. मी उडवणे सोडलेले नाही. महाविद्यालयातली दोन मुले शिकू इच्छितात, त्यांना शिकवतो आहे. आणि पंख्यांची दिशा समजावताना त्यांची ही दुसरी वाटही सांगतो.

ताईचा प्रश्न मी भाच्याला फोनवर जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, हे आईने मला विचारायला हवं होतं.” ते मला पटले, आणि तसे मी ताईला कळवले. दिवाळीत तो चार दिवस येणार आहे. ती त्याला विचारील. तो काय सांगेल ह्याचा अंदाज मी करणार नाही. तो आला की आम्ही माळावरही जाऊ, कारण खोके त्याचे होते आणि त्यातून झालेले यान त्याने अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तो गॉगल लावून उडवील तेव्हा उघड्या डोळ्यांनी शेजारी उभे राहण्याचे काम माझे.